शाल, श्रीफळ आणि राहून गेलेले प्रश्न
माजी सैनिकांच्या आठवणींचा वर्गातला वापर : बेळगाव-निपाणी परिसराच्या निमित्ताने

आपल्या सीमाभागात माजी सैनिक नाही असं गाव शोधायचं म्हटलं तर बरंच फिरावं लागेल. बेळगाव तालुका असो, खानापूरचा भाग असो, नाहीतर चिकोडी-निपाणीकडचा पट्टा, गल्लीत एखादं घर ‘मिल्ट्रीवाल्यांचं’ म्हणून ओळखलं जातंच. त्यामुळे शाळेला माजी सैनिक हवा असला की फार शोधाशोध पडत नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, १६ डिसेंबरचा विजय दिवस, असे ठरलेले दिवस असतात. बोलावणं जातं, सुभेदारसाहेब पदकं लावून येतात, शाल-श्रीफळ होतं, दहा-पंधरा मिनिटांचं भाषण होतं, फोटो निघतो आणि ऑफिसात चहा होतो.

या सत्काराला माझा विरोध नाही. ज्यानं ऐन तारुण्याची पंधरा-वीस वर्षं घराबाहेर काढली, त्याला गावानं मान द्यावा हे योग्यच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. अलीकडे हाच कार्यक्रम शाळांच्या अहवालात ‘मौखिक इतिहास उपक्रम’ म्हणून नोंदवला जाताना दिसतो. मी तीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आता मंडळाच्या कामात अशी ध्वनिमुद्रणं आणि विद्यार्थ्यांच्या वह्या पाहायला मिळतात. त्या पाहून माझं मत असं झालं आहे की आपण सैनिकाच्या आठवणींना वर्गात संस्काराचं साधन केलं आणि इतिहासाचं साधन करायचं राहून गेलं. दोन्हींत फरक आहे, आणि तो आता लक्षात घेतला नाही तर पुढे घेऊन उपयोग होणार नाही. १९७१ ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९६२ आणि १९६५ चे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. दुसऱ्या महायुद्धाची पिढी गेल्यातच जमा आहे.

भाषण आणि साक्ष

भाषण करणारा समोर कोण बसलंय ते पाहून बोलतो. समोर पाचवी ते दहावीची पोरं, बाजूला मुख्याध्यापक, शाळा समितीचे सभासद. अशा वेळी कुणीही ‘खूप शिका, व्यसनापासून दूर राहा, देशासाठी काहीतरी करा’ असंच सांगणार. त्यात खोटं काही नसतं, पण ते त्या माणसाचंही नसतं. तेच भाषण दुसऱ्या कुणी केलं तरी चाललं असतं. त्याच्याकडेच असलेली जी गोष्ट, म्हणजे तो कुठे होता, काय पाहिलं, काय खाल्लं, कशाला भ्यायला, ती तशीच घरी परत जाते.

साक्षीत विचारणारा असतो. तो मधेच थांबवतो, ‘म्हणजे नक्की काय?’ म्हणतो, कालचं उत्तर आणि आजचं उत्तर शेजारी ठेवून बघतो. मौखिक इतिहास हा असा दोघांचा मिळून तयार होतो. आपल्या कार्यक्रमांत दुसरा माणूसच नसतो.

यात सगळा दोष शिक्षकांना देता येणार नाही. महाराष्ट्राच्या सातवीच्या पुस्तकात इतिहासाची साधनं भौतिक, लिखित आणि मौखिक अशी सांगितली आहेत, आणि मौखिक म्हणून ओव्या, पोवाडे, लोकगीतं, दंतकथा यांची नावं येतात. ती यादी चुकीची नाही, पण ती मौखिक परंपरेची आहे. पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून तोंडात आलेली ओवी वेगळी, आणि ‘मी तिथे होतो’ म्हणणाऱ्या जिवंत माणसाची आठवण वेगळी. तिची तपासणीही वेगळ्या रीतीनं करावी लागते. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात फाळणीवरच्या प्रकरणात हा विषय चांगला आला होता. लोकांच्या तोंडी साक्षी इतिहासाला काय देतात आणि त्यांच्या मर्यादा काय, याची चर्चा त्यात होती. २०२२ च्या कपातीत ते प्रकरणच गेलं.

आपल्याकडची गंमत म्हणजे एकाच घरातली दोन मुलं दोन राज्यांची पुस्तकं वाचत असतात. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरातलं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आणि शिवाजी विद्यापीठाखाली. त्याच रस्त्यावर थोडं अलीकडे मराठी शाळेतली मुलं कर्नाटक सरकारच्या पाठ्यपुस्तकाचा मराठी अनुवाद वाचतात. आजोबा मात्र दोघांचे एकच. दोन पुस्तकांना जोडणारा दुवा घरातच बसलेला आहे, त्याला कुणी विचारत नाही एवढंच.

कागदावर काय आहे

‘सैनिकांचा इतिहास लिहिलेला आहेच की’ असं कुणी म्हणेल. आहे, आणि चांगला आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. रेजिमेंटची पहिली पलटण, जिला जंगी पलटण म्हणतात, ती १७६८ मध्ये मुंबई सरकारच्या शिपायांची पलटण म्हणून उभी राहिली. ही एकच पलटण घेऊन बघू.

पहिल्या महायुद्धात तिचं नाव १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री होतं. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथे जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर ती वेढ्यात सापडली. ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणीही तिथेच होत्या. डिसेंबर १९१५ पासून चाललेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनं संपला आणि सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. अन्न संपत आलं तेव्हा घोड्याचं मांस खायचं की नाही हा हिंदी शिपायांपुढचा मोठा प्रश्न होता. धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप आणवूनही पुष्कळांनी ते बरेच दिवस खाल्लं नाही. ही हकिकत आपल्याला कळते ती मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणातून. त्यांना तो रसदीचा आणि शिस्तीचा प्रश्न वाटला. शिपायाला तो काय वाटला असेल?

दुसऱ्या महायुद्धात हीच पलटण इटलीत होती. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यांच्या शौर्याचं प्रशस्तिपत्र वर्गात वाचून दाखवण्यासारखं आहे. जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून त्यांनी मागे नेलं, परत येऊन मशिनगनच्या जागा एकट्यानं निकामी केल्या, हाताला गोळी लागून टॉमीगन टाकावी लागली तेव्हा हातबॉम्ब वापरले, आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत उरलेल्यांना बोलावलं. हा मजकूर अधिकाऱ्यांनी इंग्रजीत, पदकाची शिफारस म्हणून लिहिलेला. काय झालं हे तो नेमकं सांगतो. पण नगर जिल्ह्यातल्या निमाजचा एक तरुण शेतकरी इटलीतल्या त्या नदीवर कसा पोचला, कंपनीचा निरोप्या म्हणून त्याचं रोजचं काम काय होतं, भाषा न कळणाऱ्या मुलखात त्याचं इटालियन शेतकऱ्यांशी काय बोलणं होत होतं, हे प्रशस्तिपत्रात येत नाही. ते त्याचं कामच नाही. जाधव त्यानंतर ३९ वर्षं जगले, १९८४ मध्ये गेले. इटलीतच, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे तिथेच पडले. त्यांना विचारायची संधी कुणालाच मिळाली नाही. या दोघांत जो फरक आहे, तो आपल्या गावात बसलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला लागू आहे. विचारता येण्याजोगा माणूस आणि विचारता न येण्याजोगा माणूस, एवढाच तो फरक.

तीच पलटण १९७१ मध्ये १ मराठा म्हणून जमालपूरला होती. १०-११ डिसेंबरच्या रात्री ढाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिनं पाकिस्तानच्या ३१ बलुचला अडवलं. पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांना वीर चक्र मिळालं. लढाईच्या आधी ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याबद्दल पाठवलेलं पत्र आणि बलुच पलटणीचे कमांडर सुलतान अहमद यांनी बंदुकीची गोळी गुंडाळून धाडलेलं उत्तर बरंच प्रसिद्ध आहे. मुलांना ते आवडतं, आवडण्यासारखंच आहे. पण ती दोन अधिकाऱ्यांमधली पत्रं. रस्त्याच्या कडेला खंदकात थंडीनं कुडकुडत बसलेल्या जवानाला ती पत्रं गेली-आली हे त्या रात्री ठाऊक तरी होतं का? हा प्रश्न पुस्तकाला विचारून उपयोग नाही. त्याचं उत्तर देऊ शकणारी माणसं आपल्याच भागात पेन्शनवर आहेत.

पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची पत्रं वाचायची तर डेव्हिड ओमिसी यांनी संपादित केलेला १९९९ चा संग्रह आहे. लष्करी सेन्सॉरनं उतरवून ठेवलेल्या पत्रांतून तो तयार झाला. पण ती पत्रं मुख्यतः फ्रान्सच्या आघाडीशी संबंधित, म्हणून त्यांत पंजाबचा आवाज मोठा. मराठा पलटणी प्रामुख्यानं मेसोपोटेमियात होत्या. आपल्या भागातून गेलेल्यांपैकी पुष्कळांची खूण उरली ती आकड्याची. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचा दगड सर्वांना माहीत आहे. त्या गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. आकडा कोरून ठेवता आला, पण त्यांतल्या एकाचंही बोलणं त्या दगडावरून ऐकता येत नाही.

वीर गाथा : काय मिळालं, काय राहिलं

२०२१ पासून संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयाचा ‘वीर गाथा’ हा उपक्रम देशभरच्या शाळांत चालतो. मुलांनी शौर्यपदक मिळवलेल्या वीरांवर कविता, निबंध, चित्र किंवा व्हिडिओ करायचा. याचा एक फायदा मी मान्य करतो. पूर्वी मुलांना परमवीर चक्राची दोन-तीन नावं सोडून काही येत नसे, आता अधिक येतात.

पण उपक्रमाची बांधणी बघा. मूल संकेतस्थळावरून माहिती घेतं, तिचा निबंध करतं, वर अपलोड करतं. निबंधाचा शेवट काय असणार हे सुरुवात करण्याआधीच ठरलेलं. ज्याला पदक नाही त्याला या रचनेत जागाच नाही, आणि फौजेतल्या बहुतेक माणसांना शौर्यपदक नसतं. लंगरातला स्वयंपाकी, खेचरं सांभाळणारा, सिग्नलची तार ओढणारा, गाडी चालवणारा, पंधरा वर्षांत एकदाही गोळी न झाडलेला क्लार्क, ही सगळी फौजच. एका वहीत मी वाचलं की विद्यार्थ्यानं आपल्या स्वतःच्या आजोबांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि पुढची दोन पानं एका प्रसिद्ध वीरावर. कारण सरळ आहे. आजोबा ड्रायव्हर होते, त्यांचं ‘काही विशेष नव्हतं’. पोराला असं वाटायला लावणारी पद्धत इतिहासाची नक्कीच नाही.

आठवण चुकते, आणि ती चूक कामाची असते

माजी सैनिकांच्या आठवणींवर इतिहासाच्या अभ्यासकांचा मुख्य आक्षेप असतो तो हा : पन्नास वर्षांनी सांगितलेलं खरं कशावरून? आक्षेप रास्त आहे. शिक्षक त्यावर दोनच उपाय करताना दिसतात. एक तर सगळं खरं मानतात, कारण फौजी माणसावर शंका कशी घ्यायची. किंवा गुपचूप दुरुस्त करतात, तारीख-ठिकाण पुस्तकाप्रमाणे बदलून टाकतात. दोन्हींत नुकसान आहे.

इटलीतले अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात कामगारांच्या मुलाखती घेतल्या. लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीनं मेला. कागदपत्रांत हे स्पष्ट आहे. पण पुष्कळ कामगारांनी तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला असं सांगितलं. पोर्तेल्लींनी त्यांना खोटं ठरवलं नाही. त्यांनी विचारलं, इतक्या जणांची चूक एकाच दिशेनं का झाली? उत्तर असं आलं की कामगारांच्या मनात सर्वांत मोठी जखम कपातीची होती, आणि सोबत्याच्या मरणाला शोभेल असं स्थान त्यांनी तिथे शोधलं. चुकीच्या तारखेनं गावाच्या मनातली खरी गोष्ट सांगितली.

ऑस्ट्रेलियाचे अ‍ॅलिस्टर थॉमसन यांनी १९८० च्या दशकात पहिल्या महायुद्धातल्या वृद्ध सैनिकांशी बोलणं केलं. काही जण आपली आठवण म्हणून जे सांगत होते ते १९८१ च्या ‘गॅलिपोली’ चित्रपटातले प्रसंग होते. ते खोटारडे नव्हते. देशानं त्यांच्या युद्धाची एक गोष्ट तयार केली होती आणि आपली आठवण त्या गोष्टीत बसवल्याशिवाय त्यांना जगणं सोपं नव्हतं.

आता आपल्याकडे या. १९९७ मध्ये ‘बॉर्डर’ आला, १९९९ ला कारगिलचं युद्ध घरोघरी टीव्हीवर दिसलं. त्यानंतर मुद्रित झालेल्या १९७१ च्या आठवणींत लोंगेवालाचं वाळवंट जरा जास्तच वेळा येतं. इथे शिक्षकाच्या हाती एक चांगलं साधन आहे, ते म्हणजे छातीवरची पदकं. १९७१ साठी पूर्व आघाडीवर असलेल्यांना ‘पूर्वी स्टार’ आणि पश्चिम आघाडीवर असलेल्यांना ‘पश्चिमी स्टार’ दिलं गेलं. १९६५ साठी ‘समर सेवा स्टार’. पदकाच्या काठावर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. जोडीला घरच्या ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक असतं. मुलांना आधी पदक वाचायला शिकवा. मग पूर्वी स्टार लावलेले आजोबा राजस्थानच्या वाळूतली गोष्ट सांगू लागले तर मुलांनी त्यांना खोटं पाडायचं नाही. ‘आजोबा, हे तुम्ही बघितलंत की कुणाकडून ऐकलंत?’ एवढं विचारायचं. पुष्कळदा आजोबाच थांबून सांगतात की हे दुसऱ्या पलटणीतल्या मित्राकडून ऐकलेलं. मग त्यांची स्वतःची गोष्ट सुरू होते. तिच्यात वाळू नसते, चिखल आणि भाताची खाचरं असतात, आणि ती आपल्या कामाची असते.

असं विचारण्यात अनादर आहे असं काही शिक्षकांना वाटतं. मला उलट वाटतं. ज्याचं बोलणं तपासण्याइतकं आपण महत्त्वाचं मानतो त्यालाच आपण खरा मान देतो. नुसती मान डोलावणं ही बहुतेक वेळा ऐकत नसल्याची खूण असते.

बोली धुऊन टाकू नका

विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला सर्वांत जास्त खटकतं ते हे. आजोबांनी सांगितलेलं सगळं प्रमाण मराठीत येतं. ‘आम्ही त्या ठिकाणी अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत कर्तव्य बजावले.’ कुठलाच आजोबा असं बोलत नाही.

आपल्या भागातला माजी सैनिक निदान तीन भाषांतून बोलतो. खाली बेळगावी किंवा निपाणीकडची मराठी, त्यातल्या ‘जाऊलालो’, ‘येऊलालो’ सकट. मधे कन्नडचे शब्द आणि हेल. वर फौजेची हिंदुस्थानी : लंगर, पिट्टू, बडाखाना, फॉलिन, छुट्टी. युद्धाबद्दल बोलताना तो हिंदीत शिरतो, घरची आठवण निघाली की मराठीत येतो, शेजारच्या बरॅकमधल्या दोस्ताचं बोलणं सांगताना कन्नडमध्ये. मराठा पलटणींत कर्नाटकातले तरुणही भरती होतात, तेव्हा हे साहजिकच आहे. कोणत्या क्षणी भाषा बदलली हीच एक माहिती आहे. प्रमाण मराठी करताना ती पुसली जाते, आणि मग सगळे सैनिक एकाच माणसासारखे बोलू लागतात. जसं बोललं तसं उतरवा, खाली अर्थ द्या. मराठीच्या तासाला ते वाचलं तर व्याकरणाचाही धडा होईल.

सीमाप्रश्नाचा विषय निघतोच, तर त्याबद्दलही. १९५५ मध्ये बेळगावात भरती झालेला तरुण मुंबई राज्यातून गेला. १९७० मध्ये पेन्शनीत आला तेव्हा गाव म्हैसूर राज्यात होतं. १९७३ नंतर तेच कर्नाटकात. तो देशाची सीमा राखत होता तेव्हा त्याच्या पाठीमागे राज्याची सीमा हलली. घरच्या पत्रावरचा पत्ता कधी बदलला, सुट्टीवर आल्यावर काय वेगळं दिसलं, पलटणीत या विषयावर बोलणं व्हायचं का, हे प्रश्न मुलांनी जरूर विचारावेत. पण उत्तराला आपल्या किंवा त्यांच्या बाजूचा साक्षीदार करून ठेवू नये. बेळगावचा मराठी शिक्षक म्हणून माझं या प्रश्नावर मत आहे, ते लपवायचं कारण नाही. तरीही माझ्या मतासाठी मी म्हाताऱ्या जवानाच्या तोंडात शब्द घालणार नाही.

ज्यांना बोलावलं जात नाही

सत्काराच्या यादीत १९७१ आणि कारगिल असतात. श्रीलंका नसते. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना तिथे होती आणि हजारावर जवान परत आले नाहीत. त्या मोहिमेला विजय दिवस नाही, चित्रपटातली गाणी नाहीत, म्हणून शाळेचं बोलावणंही नाही. हे लोक आज साठीच्या पुढे आहेत, तब्येतीनं बरे आहेत, आठवण ताजी आहे. पण ते कमी बोलतात. गोष्ट सांगायला समाजानं साचा दिलेला नसला की माणसाला सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही, हे थॉमसन यांचंच म्हणणं इथे उलट्या बाजूनं लागू पडतं. ईशान्येतली आणि काश्मीरमधली बंदोबस्ताची वर्षंही अशीच. तिथे शिक्षकानं जपून जायला हवं. काही गोष्टी नोकरीच्या नियमांमुळे सांगता येत नाहीत, काही सांगवत नाहीत. ‘इथे थांबू या’ म्हणण्याचा हक्क सांगणाऱ्याचा, आणि तो मुलांना आधीच समजावलेला असावा. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ हा प्रश्न तर यादीतून काढूनच टाकावा. त्यातून इतिहास मिळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाची रात्रीची झोप मात्र जाते.

दुसरी गैरहजेरी बायकांची. निपाणी पट्ट्यात जवान पलटणीत गेला की तंबाखूचं शेत कुणी बघितलं? विड्या वळून घर कुणी चालवलं? मनीऑर्डर कुणाच्या नावानं यायची, पत्र कोण वाचून दाखवायचं, उत्तर कोण लिहून द्यायचं, आणि लिहून देणाऱ्यापुढे काय सांगता यायचं नाही? स्वेतलाना अलेक्सिविच यांनी सोव्हिएत युद्धातल्या बायकांना बोलतं केलं, त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे सुभेदारीणबाई सत्काराच्या दिवशी पहिल्या रांगेत बसतात आणि ओटी भरून परत जातात. युद्धाचा अर्धा इतिहास त्यांच्याकडे आहे.

तिसरे, नुसते बघणारे. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या कारवाईसाठी मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालची फौज बेळगाव परिसरात जमली. २ पॅरा (मराठा) पलटण फोंड्याकडून आत गेली. त्या दिवसांत बेळगावच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा पाहिलेली, त्या वेळी शाळकरी असलेली माणसं आजही शहरात आहेत. आमच्या वर्गात गोवामुक्ती चार ओळींत संपते. तीच गोष्ट जवान, ड्रायव्हर, दुकानदार आणि त्या वेळचा शाळकरी मुलगा अशा चौघांकडून ऐकली तर तो आपल्या गावाचा धडा होईल.

करता येण्याजोगं

अमेरिकेच्या संसदेनं २००० साली कायदा करून तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात माजी सैनिकांच्या आठवणींचा संग्रह सुरू केला. त्याचे नियम साधे आहेत. मुलाखत निदान ३० मिनिटांची हवी, ध्वनिमुद्रण काटछाट न केलेलं हवं, सांगणाऱ्याची लेखी संमती हवी, आणि विद्यार्थी मुलाखत घेणार असेल तर तो दहावी किंवा त्यापुढचा हवा. पैसा लागेल असं यात काही नाही. त्यांच्या संग्रहावरही टीका करता येईल, तिथेही देशभक्तीचा साचा आहेच. पण नियम घेण्यासारखे आहेत.

आपल्या शाळांसाठी मी एवढंच सुचवेन. सत्कार ठेवा, पण मुलाखत दुसऱ्या दिवशी, घरी, ओसरीवर घ्या. नववी-दहावीची तीन-चारच मुलं न्या. त्यांनी आधी पदकांची नावं आणि त्या युद्धाची दोन पानं वाचलेली असोत. पहिल्या भेटीत गावाबद्दल, भरतीबद्दल, रेल्वेच्या पहिल्या प्रवासाबद्दल विचारा. युद्ध दुसऱ्या भेटीत. घरच्या बाईंनाही तेवढाच वेळ द्या. मोबाइलवर मुद्रण होतंच, पण त्याचा रील करून स्टेटसला टाकायचा नाही, हे आधी ठरवा. एक प्रत घरच्यांना, एक शाळेला, एक आपल्यासारख्या मंडळाला. आणि परीक्षेत ‘सैनिकाकडून तुम्हाला काय प्रेरणा मिळाली?’ असा प्रश्न घालू नका. ‘आजोबांच्या सांगण्यात आणि पुस्तकात कुठे फरक पडला? का पडला असेल?’ असा घाला.

हा शेवटचा प्रश्न ज्या मुलाला पडला त्याला इतिहास म्हणजे काय ते कळलं, असं मी म्हणेन. उद्या तो फौजेत जावो, न जावो. वर्तमानपत्र वाचताना, भाषण ऐकताना, मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठवताना तो तोच प्रश्न विचारेल. येत्या १६ डिसेंबरला कार्यक्रमपत्रिका छापायला जाईल, तेव्हा निदान आपल्या परिचयाच्या शाळांना एवढं सांगा की पाहुण्यांच्या भाषणाला दिलेली पंधरा मिनिटं कमी करून त्यातली दहा मुलांच्या प्रश्नांना द्या. ज्यांना उत्तरं देता येतात ती माणसं अजून आपल्या गल्लीत आहेत.